फोन, गाडी आणि विमान: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा फोन घ्यायचा असो, गाडी बुक करायची असो की घरातल्या कुणाचा पहिला विमानप्रवास असो, सल्ला द्यायला सगळे हजर असतात. कट्ट्यावर, लग्नात, ऑफिसच्या डब्याच्या वेळी तीच तीच मतं ऐकू येतात. यातलं बहुतेक मत कधीतरी खरं होतं. पुढे यंत्र बदललं, इंधन बदललं, रस्ता बदलला, आणि मत मात्र तसंच पुढे चालत राहिलं. म्हणून खाली शक्य तिथे आधी मताचं मूळ शोधलं आहे आणि मग ते आज आपल्या हवेत, आपल्या रस्त्यांवर किती लागू पडतं ते पाहिलं आहे.

सकाळी गाडी सुरू केल्यावर पाच मिनिटं इंजिन गरम होऊ द्यावं का?

नको. हा सल्ला कार्ब्युरेटरच्या काळातला. तेव्हा थंड इंजिनला पेट्रोल-हवेचं मिश्रण नीट जमत नसे, चोक ओढावा लागे आणि घाई केली तर गाडी बंद पडे. आता इंधन किती सोडायचं ते संगणक तापमान बघून ठरवतो. मोटारींत हे पंचवीसेक वर्षांपासून आहे, दुचाकींत एप्रिल 2020 ला बीएस-6 हे धुराचे कडक नियम आल्यापासून जवळजवळ सगळीकडे आहे. अर्धा मिनिट थांबा, म्हणजे ऑइल वर चढतं. मग निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर जोरात रेस करू नका. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो त्या दिवसांतही एवढं पुरतं. जागेवर उभ्या गाडीपेक्षा हळू चालणारी गाडी लवकर गरम होते.

कसारा घाट उतरताना न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं ना?

हे मत मी सगळ्यात आधी पुसून टाकेन, कारण यात पैशांचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. आजच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन पूर्ण बंद होतं. चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रल केलंत की इंजिन स्वतःच्या बळावर चालू ठेवावं लागतं आणि त्यासाठी पेट्रोल जळतं. म्हणजे वाचत तर नाहीच, उलट थोडं जास्त जातं.

खरा धोका ब्रेकचा. गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, पॅड तापतात आणि सलग उतारावर ब्रेक ऐनवेळी कमी लागतो. इगतपुरीच्या पावसात, धुक्यात, समोर कंटेनर असताना ही वेळ येऊ नये. घाटात दुसरा-तिसरा गिअर ठेवा. ऑटोमॅटिक गाडीत एल किंवा मॅन्युअल मोड असतो, तो यासाठीच असतो. नुकतं लायसन्स मिळालेल्या मुलांना कृपा करून हे आवर्जून सांगा.

गाडी डिझेलच घ्यावी, परवडते, असं वडील म्हणतात. बरोबर आहे का?

त्यांच्या काळात शंभर टक्के बरोबर होतं. तेव्हा डिझेलचा भाव सरकार ठरवत होतं आणि 2012 च्या सुमारास पेट्रोल-डिझेलमधला फरक लिटरमागे वीस-पंचवीस रुपयांच्या पुढे गेला होता. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव बाजारावर सोडले आणि ती दरी निम्म्याजवळ आली. डिझेल गाडीची जास्तीची किंमत मात्र कमी झाली नाही.

शिवाय बीएस-6 डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळून साफ व्हायला गाडी सलग वेगात चालावी लागते. कॉलेज रोड ते सातपूर एवढंच रोजचं जाणं-येणं असेल तर जाळी तुंबते, दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरचा फेरा ठरलेला. दर आठवड्याला पुणे-धुळे करणाऱ्याने, बागेतून पिंपळगावच्या मार्केटला सतत माल नेणाऱ्याने डिझेल जरूर घ्यावं. बाकीच्यांनी पेट्रोल किंवा सीएनजी बघावं.

ई-20 पेट्रोलने ॲव्हरेज पडतं का? जुनी गाडी खराब होईल का?

ॲव्हरेज पडतं, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी होते, आधीच्या दहा टक्के मिश्रणाच्या तुलनेत तीन-चार टक्के. जाणवतो तो फरक हाच.

एप्रिल 2023 नंतरच्या गाड्या ई-20 धरूनच बनल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत रबरी नळ्या, सील आणि गास्केट लवकर कडक होऊ शकतात. अशी गाडी असेल तर मॅन्युअल उघडून किती टक्के इथेनॉल चालतं ते बघा आणि सर्व्हिसिंगला इंधनाच्या नळ्या मुद्दाम तपासून घ्या. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, म्हणून महिनोन्‌महिने उभी राहणारी स्कूटर किंवा दुसरी गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणा.

माझं मत विचाराल तर, उसाला आणि मक्याला भाव मिळावा हे मलाही हवं आहे. निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. पण जुन्या गाडीवाल्याला पंपावर दहा टक्क्यांचा पर्याय मिळायला हवा होता. तो न देता बदल केला गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण जुनी गाडी वापरणारा माणूसच लगेच नवी घेऊ शकत नाही.

इलेक्ट्रिक गाडी घाट चढताना बॅटरी खाऊन टाकते. मग मुंबईला कशी न्यायची?

हा आकडा स्वतः मांडून बघण्यासारखा आहे. मुंबई समुद्राला लागून, नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास 600 मीटर उंच. दीड टनाची गाडी तेवढी वर उचलायला लागणारी ऊर्जा होते साधारण अडीच युनिट. मोटर आणि बॅटरीतला अपव्यय धरला तर तीन. हायवेवर सपाट रस्त्याला शंभर किलोमीटरमागे तेरा ते सोळा युनिट जातात. म्हणजे सगळ्या चढाचा खर्च वीस-पंचवीस किलोमीटर जास्त चालवल्याएवढा. जाताना उतारावर त्यातला काही भाग बॅटरीत परतही येतो.

बॅटरी खरी संपते ती वेगाने. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 120 ला गेलात की तो सव्वादोनपट होतो. समृद्धीवर 120 ने गेल्यावर रेंज खाली आली की लोक दोष घाटाला देतात.

नाशिक ते मुंबई साधारण 170 किलोमीटर. पंचेचाळीस युनिटच्या आसपासची बॅटरी असेल तर एका बाजूचा प्रवास निवांत होतो. तीस युनिटची असेल तर वाटेत एकदा चार्जिंग धरूनच निघा. कंपनीच्या जाहिरातीतल्या रेंजमधून पाव ते एक तृतीयांश भाग वजा करून हिशोब करा.

घरी चार्जिंगची सोय मात्र आधी बघा. गीझरला लागतो तसा पंधरा-सोळा ॲम्पिअरचा, चांगल्या अर्थिंगचा पॉइंट पार्किंगमध्ये मिळत असेल तर रात्रीत शहरातल्या रोजच्या धावपळीहून बरंच जास्त चार्ज होतं. इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या सोसायट्यांमध्ये गाडी येण्याआधी कमिटीशी बोलून, आपल्याच मीटरवरून वायर आणून ठेवा. गाडी दारात आल्यावर हा वाद फार कडवट होतो. पार्किंग रस्त्यावरच असेल तर मी अजून थोडं थांबायचं सुचवेन.

समृद्धीवर टायर फुटतात म्हणून नायट्रोजन भरून घ्यावा का?

साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजनमुळे दाब जरा हळू उतरतो, ओलावा कमी राहतो. वाईट काही नाही, पण टायर फुटणं त्याने थांबत नाही.

टायर फुटतो तो उष्णतेने, आणि उष्णता वाढते ती हवा कमी असल्यामुळे. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. 120 च्या वेगात, मे महिन्यात, भरलेल्या गाडीत ही वाकणूक न थांबता तासन्‌तास चालते. आपल्या नेहमीच्या रस्त्यांवर टोल, गावं, खड्डे यांमुळे टायरला मध्येमध्ये उसंत मिळते. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतच्या 701 किलोमीटरवर ती मिळत नाही. 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा, त्यातल्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यासह, खुला झाल्यापासून नाशिककरही इगतपुरीजवळ पिंप्री सदोला चढून मुंबईकडे जायला लागले आहेत. त्यामुळे हा प्रश्न आता विदर्भात जाणाऱ्यांपुरता राहिलेला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब भरा. गाडी भरलेली असेल तर स्टिकरवरचा दुसरा, जास्तीचा आकडा. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात. 2324 असेल तर तो 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली दिसत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर घेऊन समृद्धीवर जाऊ नका. दर दीड-दोन तासांनी थांबा, टायरसाठीही आणि ड्रायव्हरसाठीही. सरळ रस्त्यावर डुलकी लागते.

फास्टॅगचा वार्षिक पास घ्यावा का?

15 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला तेव्हा त्याची किंमत 3000 रुपये होती. वर्षभर किंवा 200 वेळा टोल ओलांडेपर्यंत, जे आधी होईल ते. खासगी मोटारींनाच मिळतो. मुंबईला घोटी आणि पडघा असे दोन नाके, म्हणजे जाऊन-येऊन चार. दोन-तीन महिन्यांतून एकदा जाणाऱ्यानेही एकदा कागदावर हिशोब करून बघावा. हा पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. समृद्धी राज्याची आहे, तिथे चालत नाही. नेहमी समृद्धीनेच जात असाल तर उपयोग नाही.

जाड पत्र्याची, जड गाडी जास्त सुरक्षित असते ना?

दार लावताना येणाऱ्या आवाजावरून गाडी जोखणारे पुष्कळ आहेत. अपघातात जीव वाचतो तो पुढचा भाग चुरगळून धक्का शोषून घेतो आणि माणसं बसतात तो पिंजरा मोडत नाही म्हणून. अपघातानंतर बॉनेटचा चुरा झालेला दिसला की लोक गाडीला नावं ठेवतात, पण तो चुरा व्हायलाच हवा असतो. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅपच्या चाचण्या सुरू आहेत. त्यात गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात. त्यावरून गाडीला मिळालेले तारे बघताना मोठ्यांचे आणि मुलांचे वेगवेगळे बघा, आणि ते तुम्ही घेताय त्याच मॉडेलला, त्याच व्हेरिएंटला मिळालेत का तेही विचारा. मागच्या सीटवरचा पट्टा लावणार नसाल तर पाच तारे असूनही मागे बसलेले आई-बाबा सुरक्षित नाहीत.

रात्रभर फोन चार्जिंगला लावला तर बॅटरी जाते का?

पूर्ण भरला की फोन स्वतःच घेणं थांबवतो. बॅटरी शून्यावर आणून मग पूर्ण भरायची, हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. लिथियम बॅटरीला तो उलट त्रासदायक आहे. तिला वीस ते ऐंशी टक्क्यांमध्ये राहायला आवडतं, आणि बहुतेक नव्या फोनमध्ये ऐंशीला थांबायची सेटिंग असते.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. एप्रिलमध्ये धुळ्याच्या रस्त्याला, काचेमागे उन्हात लावलेला फोन, नकाशा चालू, चार्जर लावलेला: एवढ्यात बॅटरीचं जितकं नुकसान होतं तितकं घरच्या रात्रीच्या चार्जिंगने होत नाही. फोन एसीच्या जाळीसमोर लावा. उशीखाली ठेवून चार्ज करू नका.

एम. जी. रोडवर जुना फोन घेताना काय बघायचं?

*#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. मग इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा, आणि तो क्रमांक असा एसएमएस 14422 वर पाठवा किंवा संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तपासा. ब्लॉक केलेला किंवा बनावट क्रमांक असेल तर तिथेच कळतं. दुकानदार हे करू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा, तिथे दुकानांची कमी नाही. बॅटरीची स्थिती सेटिंगमध्ये बघा, कॉल लावून बघा, आणि बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपला फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार, त्याच नंबरचं नवं सिम आणि संचार साथीवरून फोन ब्लॉक, या क्रमाने करा. 2027 च्या सिंहस्थाच्या गर्दीआधी घरातल्या प्रत्येकाच्या फोनचा आयएमईआय वहीत लिहून ठेवावा, असं मी सगळ्यांना सांगते.

कूलर निरुपयोगी, एसीच घे, असं मुंबईचे नातेवाईक म्हणतात.

मुंबईसाठी ते बरोबर बोलतात. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, आणि मुंबईची हवा आधीच दमट. नाशिकला एप्रिल-मेच्या दुपारी हवा कोरडी असते, तेव्हा कूलर छान काम करतो आणि एसीच्या मानाने फारच थोडी वीज घेतो. फक्त खिडकी उघडी ठेवा. खोली बंद केली की तासाभरात मुंबई होते. जूनमध्ये पाऊस आला की त्याचं काम संपलं.

एसी घेतलात तर लेबलवर ताऱ्यांबरोबर वर्षही बघा. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे गोदामात पडलेला जुना पाच तारे आजचा पाच तारे नसतो. सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. जुना कोटेशनचा कागद धरून बसू नका.

घाटात नेटवर्क गेलं की नकाशाही बंद पडतो का?

जागा उपग्रहावरून कळते, तिला नेटवर्क लागत नाही. नेटवर्क लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला. जव्हार किंवा सापुताऱ्याकडे निघताना घरच्या वाय-फायवर तेवढा भाग डाउनलोड करून ठेवा.

विमान ओझरहून पकडावं की मुंबईहून?

"नाशिकला कुठे विमान आहे!" हे वाक्य अजून ऐकू येतं. उडान योजनेच्या आधी ते खरंच होतं. आता ओझरहून नियमित विमानसेवा आहे. शहरापासून वीसेक किलोमीटर, छोटी इमारत, छोटी रांग. मुंबईचं तिकीट स्वस्त दिसतं, पण त्यात चार-पाच तासांची टॅक्सी, टोल, वाहतूक कोंडीच्या भीतीने धरलेले जादा दोन तास आणि कधी रात्रीचा मुक्काम मिळवून बघा. घरात वृद्ध माणूस किंवा लहान बाळ असेल तर ओझर, यात मला शंका नाही.

अडचण एकच: एखाद्या शहराला दिवसातून एकच विमान असतं. ते रद्द झालं की दुसरं थेट उद्या. डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनंतर देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा छोट्या विमानतळांवरच्या प्रवाशांचे फार हाल झाले. कंपनीने विमान रद्द केलं तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातली निवड तुमची असते. काउंटरवर हे ठामपणे सांगा. पुढे परदेशाचं विमान जोडलेलं असेल, मुलाखत असेल, परीक्षा असेल तर एक दिवस आधी निघा किंवा थेट मुंबई गाठा. डिसेंबर 2025 च्या अखेरीस नवी मुंबईहूनही उड्डाणं सुरू झाली आहेत, तेव्हा तिकिटावर मुंबईतलं कुठलं विमानतळ आहे ते दोनदा वाचा.

पंख्याचं विमान जुनं आणि धोक्याचं असतं का?

पंखा फिरवायला आतमध्ये जेट इंजिनासारखंच टर्बाइन असतं. एटीआर 72 सारखी सत्तरेक आसनांची विमानं आजही नवी बनतात. कमी अंतरावर ती इंधन कमी जाळतात आणि छोट्या धावपट्टीवर उतरतात, म्हणून छोट्या शहरांना विमानसेवा परवडते. वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास, जेटचा 800 च्या पुढे. ती कमी उंचीवरून उडतात, म्हणून पावसाळ्यात हादरे जास्त जाणवतात. त्या हादऱ्यांनी विमान पडत नाही, पण पट्टा न लावलेला माणूस छतावर आपटू शकतो.

अहमदाबादच्या अपघातानंतर आई विमानात बसायला तयार नाही. काय सांगू?

आधी तिची भीती मान्य करा. 12 जून 2025 ला लंडनला निघालेल्या त्या बोइंग 787 मधल्या 242 जणांपैकी एकच वाचला, जमिनीवरचीही माणसं गेली. हे विसरा म्हणणं निर्दयीपणाचं आहे. जुलैमधल्या प्राथमिक अहवालात उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद आहे. त्यापुढच्या तर्कांचे व्हिडिओ आईला दाखवू नका.

मग एवढंच सांगा की प्रत्येक विमान अपघाताची अशी बारीक चौकशी होते आणि त्यातून निघालेले बदल जगभरातल्या विमानांना लागू होतात. द्वारका चौकातल्या अपघाताची अशी चौकशी कुणी करत नाही. आणि तरीही तिचं मन होत नसेल तर नाशिकरोडहून रेल्वेने न्या. तिचा प्रवास आनंदाचा व्हावा, हे महत्त्वाचं.

पॉवर बँक सामानात टाकली तर चालेल का?

चेक-इनच्या बॅगेत मुळीच नाही, हातातल्या बॅगेत ठेवा. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये ती विझवता येते, सामानाच्या कप्प्यात कुणाला दिसतही नाही. मर्यादा 100 वॉट-तासांची. 20000 एमएएचची बँक म्हणजे 74 वॉट-तास, ती चालते. आकडे पुसट झालेली बँक सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात.

ओझरकडून मधूनच स्फोटासारखा आवाज येतो, काचा थरथरतात. घाबरायचं का?

ओझरला 1964 पासून एचएएल या सरकारी कंपनीचा विमानांचा कारखाना आहे. मिग-21 इथे बनली, सुखोई-30 इथे बनते, आणि 17 ऑक्टोबर 2025 ला इथे बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए ने उड्डाण केलं. लढाऊ विमान आवाजापेक्षा वेगाने, म्हणजे ताशी साधारण 1200 किलोमीटरच्या पुढे गेलं की दाबाची लाट जमिनीपर्यंत येते आणि असा दणका बसतो. विमान ती सीमा ओलांडतं त्या क्षणीच आवाज होतो असं नाही. जेवढा वेळ ते त्या वेगात असतं तेवढा वेळ ती लाट त्याच्यामागे ओढली जाते, म्हणून निफाडला एका क्षणी आणि चांदवडला नंतर ऐकू येतो. दणका ऐकला की लगेच भूकंपाचे मेसेज पुढे पाठवू नका, पाच मिनिटं थांबा.

लग्नात ड्रोनने शूटिंग करता येईल का?

लॉन कुठे आहे त्यावर अवलंबून. नाशिकभोवती ओझरचं विमानतळ, गांधीनगरचा लष्करी हवाई तळ, देवळाली कॅम्प आणि तोफखान्याचं क्षेत्र, नाशिकरोडचा नोटांचा कारखाना आहे. ड्रोन नियम 2021 नुसार नकाशावर लाल, पिवळे आणि हिरवे भाग आखलेले आहेत. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. विमानतळाच्या कुंपणापासून 12 किलोमीटरपर्यंत पिवळा भाग जाऊ शकतो, त्यामुळे ओझर-आडगाव बाजूची लॉन्स सहज त्यात येतात.

फोटोग्राफरला ॲडव्हान्स देण्याआधी तीन गोष्टी मागा: ड्रोनचा नोंदणी क्रमांक, उडवणाऱ्याचं रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर लॉनची जागा कुठल्या रंगात येते त्याचा स्क्रीनशॉट. व्यवसायासाठी उडवताना 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला प्रमाणपत्र लागतंच. द्राक्षबागेत फवारणीचा ड्रोन बोलावतानाही हेच तीन कागद बघा.